डिसेंबरात नऊ जणांचा तंबू-मुक्काम : भंडारदरा, हरसूल की सापुतारा?

सातपूरची_सून
नमस्कार मंडळी. डिसेंबरात एक रात्र झाडीडोंगरात काढायची असं घरात ठरलंय. म्हणजे तेवढंच ठरलंय, बाकी सगळ्यावर भांडण चालू आहे. आम्ही नऊ जण. सासूबाई (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात), नवरा, मी, दीर-जाऊ, नणंद आणि तीन पोरं, १३, ९ आणि ४ वर्षांची. दीर-जाऊ पुण्याहून येणार, त्यांना 'ग्लॅम्पिंग' हवंय. तंबू चालेल, पण आत पलंग, दिवा, चार्जिंग आणि लागून बाथरूम. नवरा म्हणतो पलंगावरच झोपायचं तर घरचा काय वाईट आहे? त्याला खरा तंबू ठोकायचाय, तोही फोनला रेंज नसेल तिथे. सासूबाईंनी आत्तापर्यंत एकच प्रश्न विचारलाय, "संडास कसला आहे?"

नाशिकहून दोन-अडीच तासांत पोचता यावं, झाडी असावी, रात्री अंधार आणि शांतता असावी. भंडारदरा, हरसूलची बाजू आणि सापुतारा अशी तीन नावं पुढे आलीत. अनुभव असेल तर लिहा. जाहिराती टाकू नका, फोटो भरपूर बघून झाले. फोटोत प्रत्येकाचा तंबू तळ्याकाठी एकटाच असतो.

मिसळ_तिखट
सासूबाईंनी नेमका प्रश्न विचारलाय. बाकीची चर्चा आपण हौसेखातर करू.

टेकडीवाला
भंडारदऱ्याला दहा-बारा वर्षं जातोय म्हणून लिहितो. घोटीमार्गे साधारण सत्तर किलोमीटर, दोन तास धरा. शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडी असं जलाशयाच्या कडेकडेने आता तंबूच तंबू झालेत. जागेला तोड नाही. एका बाजूला कळसूबाईची रांग, दुसरीकडे रतनगड, सकाळी पाण्यावर धुकं.

पण शनिवारी जाऊ नका. गेल्या वर्षी माणशी चौदाशे रुपये मोजून आम्ही पाण्यालगत राहिलो. आमच्या तळावर शांतता होती, शेजारच्या तळावर स्पीकर. रात्री अडीचपर्यंत. आमच्या मालकाला उठवून सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, ते माझ्या हद्दीत येत नाही." पहाटे सहाला पाणी इतकं निवांत होतं की रतनगडाचा सुळका पाण्यात उलटा दिसत होता, आणि आमच्यातले आठही जण तोंडावर पांघरूण घेऊन आडवे. त्यांना उठवायचीही माझी छाती झाली नाही, अडीचलाच झोपले होते बिचारे.

तेव्हा बुकिंगच्या वेळी पलंग-गाद्यांचं नंतर विचारा. आधी विचारा, स्पीकर किती वाजता बंद होतो, आणि शेजारचा तळ किती पावलांवर आहे.

गोदाकाठ
स्पीकरबद्दल भर घालतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. तंबूवाल्यांना सूट नाही. पोलिसांना फोन करता येतो, फक्त तिथे रेंज हवी. तुमच्या यजमानांना रेंज नको आहे, हा एक घोळच.

दुसरं, तिथला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ चं अभयारण्य आहे, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. गावकऱ्यांच्या मालकीच्या शेतातला तंबू वेगळा आणि मनाला येईल तिथे जंगलात ठोकलेला वेगळा. यजमानांना स्वतःचा तंबू लावायचाच असेल तर आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं हा तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. 'शेकोटी केली तर काय झालं' म्हणणाऱ्यांनी डिसेंबरातलं तिथलं गवत हातात घेऊन बघावं. काडीसारखं पेटतं.

पावशेर
काजवे दिसतील का हो तिथे? इन्स्टावर फार भारी दिसतात.

टेकडीवाला
@पावशेर, डिसेंबरात? काजवे मे अखेरपासून पाऊस नीट लागेपर्यंत. नंतर नाही. आणि जाल तेव्हा गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकण्यावरून शोधतात, आपला उजेड पडला की त्यांचं जमत नाही. शिवाय त्यांच्या अळ्या जमिनीवर असतात, गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाखाली घोळक्याने उभे राहिलात तर पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटाखाली गेले.

पावशेर
सॉरी. चपला काढून उभा राहीन.

मिसळ_तिखट
मला या 'ग्लॅम्पिंग' शब्दाला मराठी शब्द हवाय. 'ऐटछावणी' कसा वाटतो?

आणि हे काही नवीन नाही बरं का. नाशिकला ग्लॅम्पिंगची परंपरा जुनी आहे. १६८२ साली मुघल फौजेने रामशेजच्या पायथ्याला तंबू ठोकले. डेरे, गालिचे, मुदपाकखाना, हत्ती, सगळी सोय. गड एवढासा, तासाभरात चढून होतो, पण काही वर्षं चेकआउटच करता आलं नाही बिचाऱ्यांना. वरून दगडगोटे ही कॉम्प्लिमेंटरी सेवा.

गोदाकाठ
@मिसळ_तिखट 😄 त्यांचाही लोकेशन व्ह्यू चांगला होता. आताही रामशेज-बोरगडची बाजू छानच आहे, पण ती सकाळी जाऊन दुपारी परत येण्याची. बोरगड संवर्धन राखीव आहे, तिथे मुक्कामाचं डोक्यात आणू नका.

वणीकर
सापुताऱ्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. दिंडोरी-वणीमार्गे ऐंशीएक किलोमीटर. वाटेत सप्तशृंगीचं दर्शन, सासूबाई खूश. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघ्यांची चिंता नाही. सापुताऱ्यात तंबू, कॉटेज, तलाव, रोपवे सगळं आहे. आणि गुजरातेत दारूबंदी असल्याने रात्रीचा तमाशा कमी.

टेकडीवाला
कमी नाही होत, सीमेच्या अलीकडे सरकतो. हतगडच्या बाजूला एकदा शनिवारी रात्री जाऊन बघा. आणि डिसेंबरात सापुतारा म्हणजे डोंगरावरची बाजारपेठच असते. मक्याचं कणीस, घोडा, उंट, फुगे.

वणीकर
मका आवडत नाही का तुम्हाला? पोरांना घोडा हवाच असतो. प्रत्येकाला काय पहाटेचा उलटा सुळका बघायचा नसतो. आणि डांगच्या सागाच्या जंगलातून गाडीने नुसतं गेलं तरी मन निवतं.

थंडीवाजे_अक्का
थंडीबद्दल कुणी बोलत नाहीये, तेव्हा ते मी घेते. चार वर्षांचं पोर सोबत आहे म्हणून जरा सविस्तर.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत वैतरणेच्या बॅकवॉटरला आम्ही घरचा तंबू लावला. आमची पहिली चूक म्हणजे अगदी पाण्याच्या काठाला, खोलगटात लावला. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खाली येऊन साठते. पंचवीस-तीस पावलं वर मोकळ्या उंचवट्यावर लावला असता तरी फरक पडला असता. दुसरी चूक, हवा भरायची गादी. दुकानदार म्हणाला मऊ आहे, झोप लागेल. आत नुसती हवा, ती जमिनीइतकीच गार. रात्री दोनला वाटलं मी बर्फाच्या लादीवर निजलेय. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, म्हणून पांघरुणं वाढवत बसतो. खरी येते ती खालून. तिसरी चूक सगळ्यात गंमतशीर. गारठा लागतो म्हणून आम्ही तंबूच्या झडपा पार बंद केल्या. चौघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमली आणि पहाटे टपटप अंगावर. नवरा म्हणे तंबू गळतो. बाहेर आकाश ठणठणीत कोरडं.

पहाटे समोरच्या वाडीतल्या एक मावशी आल्या, माझं तोंड बघून काही न बोलता परत गेल्या आणि भाताच्या पेंढ्याचे दोन भारे घेऊन आल्या. खाली वीतभर पसरला, वर सतरंजी. सकाळी सात ते दहा अशी झोप मला बाळंतपणानंतर पहिल्यांदा लागली.

तेव्हा पेंढा, तो नसेल तर फोमच्या पट्ट्या. वरची झडप चार बोटं उघडी. झोपायच्या आधी दिवसभराचे कपडे बदला, घामाचा ओलावा गारठवतो. पोरांना झोपताना शेंगदाण्याची चिक्की द्या, पोटात काही असलं की ऊब राहते. मग दात घासायला लावा, ते जमलं तर मलाही सांगा.

रात्रपाळी
अक्का, तुमच्या पोस्टला एक जोड देते. मी नर्स आहे, म्हणून कृपया गांभीर्याने घ्या. थंडी कितीही वाजो, शेगडी, निखाऱ्याची घमेली, गॅसचा बर्नर, काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. झडप थोडी उघडी असली तरी नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो, खोकतसुद्धा नाही. जागा असलेल्याचं डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि तो म्हणतो दगदग झाली असेल. असं वाटलं तर आधी सगळ्यांना ओढून बाहेर काढा.

सापांचं म्हणाल तर डिसेंबरात ते कमी फिरतात, तरी तंबूची चेन कायम लावलेली असावी. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि दंश इतका बारीक असतो की माणसाला ढेकूण चावल्यासारखं वाटतं. पहाटे पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. अशा वेळी कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता गाडीत घाला आणि थेट सरकारी दवाखाना, किंवा १०८. म्हणून जिथे राहणार तिथून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, हे निघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. बूट घालताना झटकून घाला, विंचू असतो.

पावशेर
मी घरीच थांबतो.

खुरासणी
मी नाशिकला नोकरी करतो, गाव हरसूलच्या बाजूला. ताई, तुमच्या तीन नावांत आमचं नाव बघून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. दोन्ही का, ते सांगतो.

त्र्यंबकच्या पुढे घाट ओलांडला की तासाभरात आमच्याकडे पोचता. डोंगर आहेत, साग, ऐन, मोह आहे. ऐटीचे तंबू जवळजवळ नाहीत. एखाद-दुसऱ्या घराने मागे दोन खोल्या काढल्यात आणि पुढे खळं असतं. खळं म्हणजे शेणाने सारवलेलं मळणीचं अंगण. डिसेंबरात भात झोडून झालेलं असतं, नागली निघालेली असते, खळं रिकामं आणि कडेला पेंढ्याची उडवी. अक्का म्हणतात तो पेंढा तिथे आयताच. तंबू खळ्यात लावायचा, वरून जमीन टणक, सपाट, गवत नाही, त्यामुळे शेकोटीही खळ्याच्या मध्ये मातीवर करता येते. म्हातारं माणूस आणि लहान पोर खोलीत. जेवायला नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खुरासणीची चटणी, गावठी कोंबडी सांगितली तर कोंबडी. पण आदल्या दिवशी सांगावं लागतं, ऐन वेळी नऊ माणसांचा स्वयंपाक म्हणजे घरातल्या बाईचे हाल.

आता गोळा का आला ते. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या बांधावर शहरातली मंडळी येऊन बसली, विचारलं नाही. सकाळी गेली. जूनमध्ये चिखलणी करताना माझ्या चुलत्याच्या तळपायात बाटलीची काच शिरली. ऐन लावणीच्या दिवसांत पंधरा दिवस घरी बसला. चिखलात काच दिसत नाही हो. तेव्हा बाटली आणलीत तर आणा, परत नेताना मोजून न्या.

आणि पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो कोसळतो, सगळं वाहून जातं. मार्चपासून बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी. डिसेंबरात पाणी असतं, पण चोवीस तास गरम शॉवर मागू नका. सकाळी चुलीवरचं एक बादली पाणी मिळेल, धुराचा वास येणारं. बिबट्या आहे का विचाराल. आहे. नाशिकलाही आहे. रात्री पोराला एकटं अंधारात सोडू नका, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

थंडीवाजे_अक्का
खुरासणीभाऊ, चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. बरे आहेत ना आता?

खुरासणी
हो, हो. यंदा त्यांनीच सगळ्यात आधी लावणी उरकली. आम्हाला ऐकवतात अजून.

सातपूरची_सून
बापरे, दोन दिवस आले नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. दिरांना रामशेज आवडलं, नवऱ्याला खळं आवडलं, जाऊबाई कार्बन मोनॉक्साइडपाशी थबकल्यात. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण संडास कसला आहे ते कुणी लिहिलंच नाही."

@खुरासणी, देशी असतो का तिथे? त्यांना खाली बसताच येत नाही. हाच मुद्दा राहिलाय, नाहीतर मी हरसूलच्याच बाजूने आहे.

खुरासणी
ताई, देशीच आहे. पक्का बांधलेला, फरशी, दार, पाण्याची टाकी, पण देशी. आणि खोलीपासून वीसेक पावलं, मध्ये दोन पायऱ्या.

वणीकर
म्हणून म्हणतोय सापुतारा. कमोड, गीझर, लिफ्टसुद्धा मिळेल.

रात्रपाळी
एवढ्यासाठी सापुतारा कशाला? सर्जिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते. मधोमध भोक, चार पाय, हात टेकायला दांडे. देशी भांड्यावर सरळ ठेवायची. भाड्यानेही देतात. माझ्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हीच घेतली होती, ती डिकीत टाकून आम्ही अष्टविनायक केले. फक्त घेताना पायांची रबरं नीट आहेत ना बघा, ओल्या फरशीवर सटकते. आणि रात्रीसाठी वीस पावलांच्या वाटेवर दोन सौर दिवे रोवा.

मिसळ_तिखट
धाग्याचा निकाल लागला. मांडव काढा.

व्याध
थांबा, मांडव काढू नका. उशिरा आलोय, पण तारीख ठरली नसेल तर १३-१४ डिसेंबरच्या आसपासची रात्र धरा. दर वर्षी त्या सुमाराला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, वर्षातल्या चांगल्या वर्षावांपैकी एक. दुर्बीण लागत नाही. खळ्यात पेंढ्यावर उताणं पडायचं, मोबाइल खिशात, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्यायची. चंद्र किती वाजता मावळतो ते पंचांगात बघून घ्या, चंद्र असेल तर बारक्या उल्का दिसत नाहीत. त्या दिवसांत संध्याकाळीच पूर्वेला कृत्तिका आणि मृग वर येतात, थोड्या वेळाने व्याध. नऊ वर्षांच्या पोराला मृगाच्या पोटातला बाण दाखवा, तीन तारे एका रेषेत. तो बाण सोडणारा व्याध म्हणजे मीच.

सातपूरची_सून
व्याधभाऊ, हे फारच भारी. पण पोरांच्या शाळेला नाताळची सुटी २४ पासून आहे.

व्याध
शनिवार-रविवार बघा ना जवळचा. एक-दोन रात्री अलीकडे-पलीकडे चालतं, संख्या कमी होते इतकंच.

टेकडीवाला
शनिवारी गेलात तर आता चालेल, हरसूलकडे स्पीकरवाला शेजारी नाही. ३१ ला मात्र कुठेच जाऊ नका. आणि त्र्यंबक रस्त्याला २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं चालू असतील, अर्धा तास जास्तीचा धरा, दुपारी चारच्या आत पोचा. तंबू उजेडात लावायचा असतो. अंधारात लावलेल्या तंबूवर नवरा-बायकोचं जे बोलणं होतं ते इथे लिहिता येत नाही.

सातपूरची_सून
ठरलं मग. जाऊबाईंनी एक अट घातलीये, त्या आणि सासूबाई आणि छोटं खोलीत. दीर, नवरा आणि दोघं मोठी पोरं तंबूत. मी आणि नणंद रात्री ठरवू, बहुतेक पेंढ्यावर. खुर्ची उद्या सीबीएसजवळच्या दुकानात बघते. @खुरासणी, कोंबडी एक, पिठलं सगळ्यांना, आणि बाटल्या मोजून नेऊ. तुमच्या माणसांचा नंबर निरोपातून पाठवाल का?

आता तंबूच नाहीये. नवरा म्हणतो चार माणसांचा नवा घेऊ. किंमत बघून मी गप्प आहे.

टेकडीवाला
घेऊ नका, एका रात्रीसाठी कशाला. माझा चौघांचा आहे, इंदिरानगरला येऊन घेऊन जा. फक्त एक खुंटी कमी आहे, रतनवाडीच्या मुरमात वाकली ती तिथेच राहिली. सारवलेल्या खळ्यात तशाही त्या पातळ खुंट्या शिरणार नाहीत. यजमानांना चांगले वीतभर लांबीचे लोखंडी खिळे घ्यायला सांगा, दहा-बारा. आणि ठोकायच्या आधी खळ्याच्या मालकिणीला विचारा, कुठे ठोकू म्हणून. ती जमीन तिने हाताने सारवलेली असते.

खुरासणी
ठोकू नका. खळ्याच्या मध्ये तिवडा आहे, मळणीचा खांब. एक दोरी त्याला बांधा, बाकीच्यांना दगड देतो.